मोटारीवर फोडायचे नारळ

नरसय्या इंजिनिअर आमच्या घरी राहायला आला तेव्हा आईनं त्याला पहिला प्रश्न विचारला, "भाकरी किती खाता?" माणूस कोण, कुठला, कशासाठी आला, हे आबांनी विचारायचं. आईला एवढंच लागायचं. इंजिनिअर दारात उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, करडी पॅंट, एका हातात पत्र्याची ट्रंक, दुसऱ्या हातात तांदळाची पिशवी. त्यानं दोन्ही खाली ठेवलं, हात जोडले आणि म्हणाला, "माते, मी भात सेवन करतो." आई माझ्याकडं बघायला लागली. माते म्हणणारा माणूस तिनं तोवर जत्रेतल्या नाटकातच बघितला होता, आणि त्यालाही नंतर राक्षसानं मारलं होतं. ती आत गेली आणि पदरात तोंड घालून हसली. पण त्या एका शब्दावर इंजिनिअरला आमच्या घरात जागा मिळाली. आबांनी विचारायचं ते विचारलंच नाही.

झालं होतं असं, की परक्या मुलखात जायचं तर तिथली भाषा शिकून जावं, असं या माणसानं ठरवलं होतं. हैदराबादच्या बाजूला कुठंतरी त्यानं विजेचं शिक्षण घेतलं, आणि मराठी शाळेच्या पुस्तकातनं पाठ केली. पुस्तकातली मराठी सोलापुरात कुणीच बोलत नाही, हे त्याला स्टेशनावर उतरल्यावर कळलं. टांगेवाल्याला तो म्हणाला, "मज पूर्व भागात नेण्याची कृपा करा," आणि टांगेवाला टोपी काढून उभा राहिला. पुढं आयुष्यभर तो तसाच बोलला. मी चौथीतनं शाळा सोडलेला माणूस. पण शुद्ध मराठी म्हणजे काय ते मला माहीत आहे, कारण मी ती एका तेलुगू माणसाकडून रोज जेवताना ऐकली.

आता हे मी माझ्या हातानं लिहितोय. नातू म्हणाला, आज्जा तुमी नुस्तं बोला, मोबाईल लिहून घेतोय. मी बोललो. मोबाईलला माझं बोलणं कळलं नाही, आणि मला त्याचं कळून घ्यायचं नाही. दोघंही आपापल्या जागी बरे आहोत.

आमचं घर म्हणजे पूर्व भागातल्या एका गल्लीत दोन खोल्या आणि पुढं पत्र्याची पडवी. पडवीला लागूनच बालय्या मालकाची मागाची शेड. आबा त्या शेडमध्ये जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो नीट करणारा माणूस. आम्ही मूळचे मंगळवेढ्याकडचे, पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखलेले. आबांनी काठी टाकली आणि पान्हा घेतला. पण बोलायची पद्धत तीच राहिली. मागाला ते "हुर्र, थांब की गं" असं म्हणायचे आणि माग थांबायचा. बालय्या मालक तेलुगू. त्याचा आजा बैलगाडीतनं सोलापूरला आलेला. नरसय्या इंजिनिअर त्याच बाजूचा, त्याच भाषेचा, त्याच जातीचा. पण तो रेल्वेनं आला, आणि आत्ता आला. म्हणून मालकानं त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेतलं नाही. "बाहेरचा माणूस हाय, जपून ऱ्हावा," असं आबांना सांगून आमच्याकडं पाठवला. सोलापुरात हा नियमच आहे. जो आधी आला तो इथला, जो मागनं आला तो बाहेरचा. आमचंही बिऱ्हाड एसटीनंच आलं होतं, पण त्याला बरीच वर्षं झाल्यामुळं आम्हीही मान हलवून म्हणालो, व्हय, बाहेरच्याचं काय सांगावं.

भाताचं प्रकरण मोठं होतं. पिशवीतला तांदूळ संपला. आमच्यात भात सणाला. रोज भात करायला आम्ही काय आजारी होतो? आईनं मग ज्वारी भरडून तिच्या कण्या शिजवल्या आणि ताटात वाढून म्हणाली, "घ्या, हितला भात." इंजिनिअरनं एक घास खाल्ला. डोळे मिटले. मग चिंचेचं पाणी मागितलं, त्यात मीठ, तिखट, लसूण ठेचून घातला आणि त्या कण्यांवर ओतून सगळं संपवलं. "माते, उत्तम आहे," म्हणाला. दुसऱ्या दिवशीपासून आबाही कण्यांवर चिंचेचं पाणी मागायला लागले. आई म्हणाली, "ह्यास्नी पन माते म्हणाया लावा, मग देते." कडक भाकरी मात्र इंजिनिअरला शेवटपर्यंत जमली नाही. ती तो हातात धरून, कुठनं मोडायची याचा नकाशा काढल्यासारखा बघत बसायचा. शेंगाची चटणी जमली. ती तो नुसतीच खायचा.

आवाजाबद्दल सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. त्या काळी शेडमध्ये एकच मोठं तेलाचं इंजिन असायचं. ते आढ्याखाली लांबलचक दांडा फिरवायचं, आणि त्या दांड्यावरनं प्रत्येक मागाला कातड्याचा पट्टा आलेला असायचा. इंजिन धापा टाकायचं, दांडा करकरायचा, पट्टे फटाफट वाजायचे आणि त्या सगळ्याच्या वर मागांची खटखट. आमच्या गल्लीतली माणसं घरातसुद्धा ओरडून बोलायची. आई देवाला नमस्कार करतानासुद्धा ओरडून मागायची. एक पट्टा तुटला की तो माग बंद, आणि इंजिन रुसलं की सगळी शेड बंद. मग ती शांतता सोसायची नाही. लहान पोरं रडायला लागायची.

इंजिनिअरचं म्हणणं असं, की दांडा काढा, पट्टे काढा, इंजिन भंगारात द्या. गल्लीत वीज आलीच आहे. प्रत्येक मागाला त्याची स्वतःची छोटी मोटार लावू. एक बंद पडली तर एकच माग बंद पडेल. आमच्या भागात असं कुणी केलेलं नव्हतं. नाही म्हणायला, पलीकडच्या गल्लीत एका मालकानं आदल्या वर्षी हौसेनं एक मोटार आणली होती. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, सगळी हत्यारं-यंत्रं पुजतात, तशी त्यानं तिची पूजा केली आणि रीतीप्रमाणं तिच्यावर नारळ फोडला. दसऱ्याला बटण दाबलं. मोटारीतनं निळा धूर आला, वास सुटला, आणि ती गेली ती गेलीच. तेव्हापासून गल्लीचं मत पक्कं झालं होतं, की विजेची मोटार देवाला मान्य नाही.

"नारळाचे पाणी आत गेले," इंजिनिअर जेवता जेवता सांगायचा. "मोटारीस बाजूने छिद्रे असतात, हवेसाठी. आत तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. ती ओली असता वीज सोडल्यास जळणारच."

"पण इंजिनावर तर आमी दरसाल फोडतो की," आबा म्हणायचे. "त्याला काय हुत न्हाय."

"ते लोखंड आहे."

"मोटार काय लाकडाची हाय व्हय?"

इथं इंजिनिअर चिंचेचं पाणी पिऊन टाकायचा.

बालय्या मालक धोरणी होता. त्यानं इंजिनिअरशी करार केला, तोही शेडच्या दारात, चार माणसांत. आधी एकच माग, एकच मोटार. खंडेनवमीला पूजा, दसऱ्याला सुरू. चालली तर सगळ्या शेडचं काम इंजिनिअरला, आणि शेडच्या टोकाला ज्या दोन खोल्या रिकाम्या आहेत त्या राहायला. जळली तर दसऱ्याच्या संध्याकाळी रेल्वे आहेच. इंजिनिअर लगेच हो म्हणाला. त्याची बायको आणि मुलगी गावाकडं सासऱ्याच्या घरी होत्या. मुलगी चालायला लागली, हे त्याला तिकडून आलेल्या एका माणसानं सांगितलं होतं. त्या दिवशी त्यानं आईला पुस्तकातली मराठी सोडून विचारलं, "पोरगी चालताना पडते काय हो, पहिल्यांदा?" आई म्हणाली, "पडती की. पडल्याबिगर चालत्यात व्हय?" त्या दोन खोल्यांना आतनं चुना लावायला त्यानं करारानंतर दुसऱ्याच दिवशी सुरुवात केली. मोटार अजून यायची होती.

मी तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा. चौथीत मास्तरनं मला कोंबडा केला होता, मी तो दिवसभर होऊन राहिलो. मास्तर म्हणाला आता ऊठ, मी उठलो नाही. शाळा सुटली, मास्तर घरी गेला, मी तसाच. त्यानंतर मी शाळेत गेलो नाही आणि मास्तरनंही बोलावणं पाठवलं नाही. असा माणूस इंजिनिअरला बरोबर वाटला. म्हणाला, "दगडू, तू हट्टी आहेस. वीजही हट्टी आहे. तुमचे जमेल." आणि जमलं. भिंतीला भोकं पाडणं, नळी बसवणं, तारा ओढणं, सगळं मी केलं. सगळ्यात मोठं काम म्हणजे शेडच्या बाहेर, त्या दोन खोल्यांच्या दारासमोर, खड्डा खणणं. वरची वीतभर माती सोडली की खाली मुरूम, त्याच्याखाली दगड. पहारीनं माझ्या हाताची सालटं निघाली. खड्ड्यात इंजिनिअरनं लोखंडी नळी उभी केली, तिला तांब्याची जाड तार जोडून मोटारीपर्यंत नेली, आणि नळीभोवती कोळसा, मीठ, कोळसा, मीठ असे थर भरले. मोटारीत चुकून वीज सुटली तर ती माणसाला न धरता या तारेनं जमिनीत जावी, यासाठी ते असतं. याला अर्थिंग म्हणतात, आज पोरासोरांनाही ठाऊक आहे. ते ओलं राहावं लागतं, म्हणून इंजिनिअर रोज एक घागर पाणी मागायचा. आणि गल्लीतल्या नळाला पाणी यायचं ते एक दिवसाआड, तेही मुंगीच्या पायानं. बायका म्हणायच्या, "मानसाला प्यायला न्हाय आन ह्याच्या खड्ड्यात कुटनं वतायचं?" कुणी थेंब दिला नाही.

आणि मीठ-कोळसा पुरलेला सगळ्यांनी बघितला होता. मालकाची थोरली बहीण अंबव्वा, नवरा गेल्यावर माहेरी आलेली आणि माहेर हातात घेतलेली बाई, ती नळीकडं बोट दाखवून म्हणाली, "मीट, कोळसा, खड्डा. ह्ये काम शिकलेल्या मानसाचं न्हाय. ह्ये करणीचं हाय." त्या दिवसापासून बायका खड्ड्याला वळसा घालून जायला लागल्या. एका म्हातारीनं तर इंजिनिअरला आपल्या सुनेवरची बाधा काढायला किती घेणार असं विचारलं. त्यानं तिला विजेचं शास्त्र सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं, आमुशाला येते."

खंडेनवमीच्या सकाळी शेड धुऊन काढली होती. मागांना झेंडूच्या माळा, दांड्याला आंब्याची पानं, इंजिनाला हळदीकुंकवाचे पट्टे. आणि एका मागाशेजारी चौरंगासारख्या लोखंडी घडवंचीवर ती नवी मोटार, हिरव्या रंगाची, मोठ्या कोहळ्याएवढी. अख्खी गल्ली जमली होती. इंजिनिअर पहाटेपासून मोटारीपाशी उभा होता, तिला कुणी माळसुद्धा घालू नये म्हणून. ताटात नारळ बघून त्याचा चेहरा उतरला. पाच होते.

"मालक, हे पाच कशाला?"

बालय्या मालक खुशीत होता. "इंजिनेरसाब, त्या पलीकडच्या शेडात येकच फोडला म्हनून मोटार जळली. मी पाच आनलेत. आता भ्याचं कारन न्हाय."

"एका नारळाने जळली तर पाच नारळांनी निश्चितच जळेल!"

"तुमचं गणित उलटं हाय की हो," मालक म्हणाला, आणि माणसं हसली.

अंबव्वानं पदर खोचला, एक नारळ उचलला. "एमय्या, सांगा की, कुटं फोडू? डोक्यावर का पायाशी?"

"वद्दू, अक्का, वद्दू. नको. पायरीवर फोडा. मागावर फोडा. इंजिनावर पाचही फोडा. हिला केवळ कोरडे हळदीकुंकू लावा."

"कोरडी पूजा? आमच्या घरात सुतक हाय काय?"

"पाणी आत गेल्यास ही जळेल, आणि मी…" तो दाराकडं वळला. शेडच्या उघड्या दारातनं त्या दोन खोल्यांच्या चुन्यानं पांढऱ्या झालेल्या भिंती दिसत होत्या.

"देवाच्या पान्यानं जळती ती लक्ष्मी न्हाय, अवदसा हाय," अंबव्वा म्हणाली. "पारख तरी हुईल." आणि तिनं हात वर केला.

मी काही विचार केला नाही. विचार करणारी माणसं तिथं होतीच, त्यांनी काय दिवे लावले ते दिसत होतं. मी माणसांतनं पुढं घुसलो आणि घोड्यावर बसावं तसा, दोन्हीकडं पाय टाकून, त्या मोटारीवर बसलो. म्हणालो, "फोडायचा तर माझ्या मांडीवर फोडा."

मला हे सांगताना जराही लाज वाटत नाही. आज तशीच वेळ आली तर आजही बसेन, फक्त वर चढवायला कुणीतरी लागेल.

अंबव्वाच्या हातातला नारळ खाली आला आणि तिचा आवाज वर गेला. "ढुंगण! नवमीच्या दिवशी लक्ष्मीवर ढुंगण टेकलं मुडद्यानं!" झालं. ज्या दिवशी हत्याराला पाय लागला तरी नाक घासायचं, त्या दिवशी मी हे केलं होतं. आबांनी मला कानाला धरून खाली ओढलं आणि अशी एक थोबाडीत ठेवून दिली, की मागाचा आवाज नसतानाही मला खटखट ऐकू आली. गल्ली सगळी बोलायला लागली. मोटार विटाळली. मेंढरं राखणाऱ्याच्या पोरानं विटाळली. बाहेरच्यानं शिकवलं म्हणून विटाळली.

"आता पाच नारळानं काय भागत न्हाय," अंबव्वानं निकाल दिला. "आदी दुधानं धुवायची, मग गोमूत्रानं, मग साध्या पान्यानं. मग नारळ." आणि जी गल्ली खड्ड्याला एक तांब्या पाणी द्यायला तयार नव्हती, तिनं बघता बघता घागरींची रांग लावली. घरात पिण्यासाठी जपून ठेवलेलं पाणी निघालं. कुणी दुधाची चरवी आणली. दोघं गाईमागं तांब्या घेऊन पळाले. मी वाचवायला गेलो होतो एका नारळाच्या पाण्यापासनं, आणि आता मोटारीला अंघोळच निघाली होती. हे बघून मला थोबाडीतपेक्षा जास्त लागलं.

परवा नातवानं विजेवर चालणारी गाडी घेतली. सात रस्त्याच्या पुढं शोरूम आहे. काचेची इमारत, आत थंडगार, पोरं टाय लावलेली. गाडीपुढं नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली, भटजींनी तांब्यातनं पाणी शिंपडलं. टायवाला पोरगा कॅमेरा धरून म्हणाला, "सर, चार्जिंगचं झाकण उघडतो, तिथं पण शिंपडा, फोटो चांगला येतो." मी ओरडलो, "झाकण लाव आधी!" सगळे माझ्याकडं बघायला लागले. नातू हळूच म्हणाला, आज्जाचं वय झालं हो.

तर घागरी आल्या. इंजिनिअर मोटारीपुढं हात पसरून उभा होता, आणि त्या रांगेकडं बघत होता. शिकलेला सगळा विषय त्यानं या लोकांना तीन महिने सांगितला होता, मराठीत, हिंदीत, खडूनं भिंतीवर काढून. मी त्याच्याकडं बघत होतो म्हणून मला दिसलं. त्याचे डोळे आधी पाण्यावर होते, मग दारातनं बाहेर गेले, खड्ड्यावर. तिथं थांबले. त्यानं हात खाली घेतले आणि अंबव्वाशी सरळ तेलुगूत बोलायला लागला. गल्लीत वाढलेल्या कुणालाही तेवढी तेलुगू कळते.

"अक्का, ही मोटार धुऊन काही उपयोग नाही. ती हिच्यात राहत नाही."

"कोण राहत नाही?"

"तीच. वीज. हिच्यात ती नुसती येते, काम करते आणि जाते. तिचं डोकं फिरलं, कोप झाला, तर ती जिथं जाऊन शांत होते ती जागा बाहेर आहे. ही तार बघा. कुठं गेली?"

अंबव्वानं तार बघितली. तारेबरोबर सगळी गल्ली बघत बघत बाहेर आली आणि खड्ड्याभोवती उभी राहिली.

"इथं कोण आहे?" अंबव्वानं विचारलं. तिचा आवाज खाली आला होता.

"भूमाता," इंजिनिअर म्हणाला.

"आणि मीठ?"

"तिला लागतं."

"कोळसा?"

"ओल धरायला."

"आणि पाणी?"

"पाणी," तो घागरींकडं हात करून म्हणाला, "अक्का, पाणी जेवढं द्याल तेवढं कमीच."

अंबव्वानं कपाळावर हात मारला आणि पुन्हा मराठीवर आली, कारण भांडण आणि कौतुक ती मराठीतच करायची. "मग आदी बोलायचं न्हाय व्हय, बाबा! आमी करणी समजून लांबनं जात हुतो!"

"आन मोटार? ती विटाळली त्याचं काय?" मागनं कुणीतरी विचारलं.

तेव्हा माझी आई पुढं आली. तिनं बोटावर कोरडं कुंकू घेतलं, आत गेली, मोटारीच्या पुढच्या अंगाला एक टिकली लावली आणि म्हणाली, "ती पावनी हाय, आत्ताच इंजिनेर सांगत्यात की. पावनीला कुकू लावत्यात. आंगूळ कुटं घालत्यात?"

मग खड्ड्यावर दूध गेलं. गोमूत्र गेलं. घागरीमागनं घागर गेली. पाचही नारळ अंबव्वानं त्या लोखंडी नळीवर आपटून फोडले आणि पाणी नळीभोवती सोडलं. कोरडा मुरूम ते सगळं चर्र आवाज करत पीत होता. एवढं ओलं अर्थिंग त्या वर्षी सोलापुरात दुसरं नसेल. सगळ्यांनी हात जोडले. इंजिनिअरनंही जोडले, कारण मालक त्याच्याकडं बघत होता. कडू काढा प्यायल्यासारखं त्याचं तोंड झालं होतं.

दसऱ्याला मालकानं बटण दाबलं. मोटार नुसती घुमली, आणि माग सुरू झाला. दांडा नाही, पट्टा नाही, धूर नाही. आबा कान लावून ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "हुर्र म्हनायची पन गरज न्हाय की हिला." मालकाला मात्र कमी वाटलं. "आवाज लई कमी हाय, इंजिनेरसाब. काम चाललंय असं वाटत न्हाय." पण शब्दाचा पक्का होता. खोल्यांची किल्ली त्यानं तिथंच काढून दिली.

पुढं गल्लोगल्लीची माणसं आली. येणारा प्रत्येक जण एकच म्हणायचा, "आमच्यात पन खड्डा बसवा." मोटारीचं मागनं बघू म्हणायचे. नवी पेठेतल्या एका कापडवाल्याकडं तर यंत्र म्हणून फक्त कात्री होती, त्यालाही दुकानापुढं खड्डा पाहिजे होता. इंजिनिअर आकडेमोड करून दाखवायचा, किती मागांना किती जाडीची तार. ती कुणी बघायचं नाही. विचारायचे, दिशा कुठली, तिथी कुठली, मीठ जाडं का बारीक. आधी तो चिडायचा. मग नुसतं सांगायचा, "जिथे ओल टिकेल तिथे." माणसं एकमेकांना सांगत जायची, लई मोठा माणूस हाय, दक्षिणा मागत न्हाय.

एकदा त्यानं मला विचारलं, "दगडू, मी विद्युत अभियंता आहे. मला सारे खड्डेवाले इंजिनिअर का म्हणतात?"

"मोटार शेडच्या आत आसती साहेब. खड्डा रस्त्यावरनं दिसतो."

"मी त्या दिवशी असत्य बोललो का?"

मी खरंच विचार केला. "न्हाय. सगळं खरं बोललात."

"तेच तर," तो म्हणाला. बोललेलं खोटं असतं तर ते एखाद्या दिवशी मागं घेता आलं असतं, असं बहुतेक त्याला म्हणायचं होतं.

त्याच दिवाळीच्या आधी त्याची बायको आणि मुलगी आल्या. स्टेशनावर इंजिनिअरबरोबर आई आणि मीही टांगा घेऊन गेलो होतो. मुलगी कुणाच्याच कडेवर यायला तयार नव्हती, तिला चालायचंच होतं, आणि चालत चालत ती फलाटावर दोनदा आपटली. इंजिनिअर दोन्ही वेळा धावला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला बोलवायला त्याच्या दारात गेलो तर त्याची बायको खड्ड्याभोवती मुग्गु काढत होती, म्हणजे त्यांच्यातली रांगोळी. पांढरे ठिपके, त्यांना जोडणाऱ्या वळणदार रेघा, मध्ये लोखंडी नळी आणि नळीवर कुंकू. शेजारणींनी आदल्या संध्याकाळीच तिला सगळं सांगितलेलं दिसलं. मुलगी उकिडवी बसून नळीला हात जोडत होती.

इंजिनिअर अर्थिंग तपासायचं यंत्र घेऊन बाहेर आला आणि बघत राहिला. मग तेलुगूत मोठ्यानं म्हणाला, हा देव नाही, हे अर्थिंग आहे, मी याचं शिक्षण घेतलंय.

बायकोनं हात थांबवला नाही. म्हणाली, "सगळी गल्ली म्हणते तुमच्यामुळं देव आला, म्हणून आपल्याला घर मिळालं. एकटे तुम्हीच नाही म्हणताय."

इंजिनिअरनं चपला काढल्या, पॅंट जराशी वर धरली आणि एकही रेघ पुसू न देता, ठिपक्यांच्या मधनं पाय टाकत टाकत नळीपाशी जाऊन बसला. तार जोडली. दांडी फिरवली. काटा बघितला, पुन्हा फिरवली, पुन्हा बघितला.

"कसं हाय?" मी विचारलं.

"उत्तम," तो म्हणाला. मग माझ्याकडं नाही, बायकोकडंही नाही, खाली नळीकडं बघत म्हणाला, "आणखी एक घागर घाल म्हणावं."